खांद्याला हळद

८ फेब्रुवारी २०१६

बंदूक उतरली माळ्यावरून!

दरवर्षी हरभऱ्याला घाटे धरले की ही बया खाली येते आणि मग पावसापर्यंत ह्यांना दुसरं काही सुचत नाही. जुनी भरमार आहे, सासऱ्यांच्या वेळची. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा. पीक राखायचा परवाना ह्यांच्या नावावर. आसपासच्या चार गावांत दुसरी नाही, म्हणून रानडुकरं चढली की लोक "टिकेशभाऊ, टिकेशभाऊ" करत दारात. तेवढे दिवस हे असे चालतात जसं काही आमदार झालेत.

मी तिला सवत म्हणते. पण सवतीचं सगळं करते मीच! दारू सुपात पसरून उन्हात वाळवायची - मी. जुनं लुगडं फाडून बोळे करायचे - मी. बार काढून आले की जवसाच्या गरम तेलात हळद घालून खांद्याला चोळायची - तीही मीच. बार उडताना बंदुकीचा दस्ता असा हाणतो की खांद्याखाली मुठीएवढं काळंनिळं होतं. "हळू, ओमे, हळू!" - एवढा मोठा शिकारी, आणि माझ्या हाताखाली पोरासारखा कण्हतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

११ फेब्रुवारी

आज बोळे करायला बसले. हे म्हणाले, "राहू दे. झाले."

"कोनं केले?"

"झाले म्हटलं ना!"

हे अंघोळीला गेल्यावर पिशवी उघडली. बोळे जांभळ्या कापडाचे. माझ्याकडं जांभळं लुगडं नाही. कधी नव्हतंच!

१२ फेब्रुवारी

जांभळं लुगडं चंचलचं. विचारायची गरजच नाही, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तेच नेसून मिरवत होती.

चंचल म्हणजे माझी चुलत जाऊ. ह्यांचा चुलतभाऊ वारला, तेव्हापासून शेती ती एकटी बघते. तिचं शेत आमच्या बांधाला लागून, नाल्याकडचं. यंदा मचाण बांधलंय तिच्या शेतात. काऊन म्हणून विचारलं तर म्हणे, "डुकरं नाल्यातूनच चढतेत. तिथंच बसा लागते."

खरं आहे. खरं आहे म्हणून तर जास्त चीड येते.

आज सासूबाईसुद्धा बोलल्या, "आपला हरभरा मोकळा अन् तिचा राखून राहिला. आसं कुठं राहाते?" सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या, आणि तेही कशावरून!

चंचलचं माहेर नागझिऱ्याकडचं. तिच्या बापाकडंही भरमार होती. नवीन लग्न होऊन आली तेव्हा सांगायची, "मी बंदुकीनं कैऱ्या पाडत होती." कैऱ्या! त्याला दगड पुरतो. पण पुरुषमंडळी कशी तोंड उघडी टाकून ऐकायची. हेही.

१७ फेब्रुवारी

सकाळी हे म्हणाले, "बंदुकीच्या टोप्या अन् दारू आणाले गोंदियाले जाऊन राहिलो." संध्याकाळी रिकाम्या हातानं परत.

"दुकान बंद होतं."

बुधवारी? भर बाजारात?

मग काळीपिवळी जीपवाला केशोराव भेटला. तो काही चुगलखोर नाही, सहज म्हणाला, "वहिनी, भाऊले अन् चंचलबाईले मीच सोडलं ना दवनीवाड्याच्या फाट्यावर, गोंदियाच्या बसले. सोबतच होते."

सोबतच होते!

२० फेब्रुवारी

तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना पत्ताच नाही.

२३ फेब्रुवारी

दुपारी अंगणात टोप्यांची डबी सांडली. त्या टोप्या केवढ्याशा, मसुरीच्या डाळीएवढ्या. घोड्याखाली टोपी नसेल तर बार उडत नाही, म्हणून ह्यांचा जीव त्यांच्यात. जमिनीवर बसून तळहात फिरवून शोधत होते. एक तर माझ्या पायाजवळ चमकत होती. मी उचलली नाही. उभी राहून गंमत बघितली.

"ध्यान कुठं हाय तुमचं?"

"डोक्यात डुकरं हायेत."

"डुकरं का डुकरावाली?"

वर बघितलं माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे - माझ्या खांद्यावरून, मागच्या भिंतीकडं. नजरसुद्धा भिडवत नाहीत आता. मग उठून गेले. टोप्या सासूबाईंनी गोळा केल्या.

२८ फेब्रुवारी

डुक्कर पडलं! केवढं मोठं! चंचलच्या हरभऱ्यात, एका गोळीत. सकाळी वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, तिथंच खड्डा करून पुरलं. अर्धं गाव जमलेलं. शालीकराम सरपंच म्हणाला, "टिकेशभाऊ, तुमचा हात अजून पहिल्यासारखाच!" हे खाली मान घालून हसले. चंचल बाजूला उभी होती, तीही हसली. एकाच गोष्टीवर दोघं हसत होते आणि ती गोष्ट मला माहीत नव्हती.

तरी घरी येऊन तेल गरम केलं. सवय! हळद घातली. म्हटलं, बसा.

"नोको. दुखत नाही."

"काढा सदरा."

"नोको म्हटलं ना!"

मी काढलाच. खांदा कोरा. साफ. एक ठिपका नाही!

"मधात घोंगडं ठेवलं होतं," म्हणाले.

घोंगडं. दिवसा पंखा लागतो आणि मचाणावर घोंगडं. मी तेलाची वाटी तिथंच ठेवून उठले. आता कळलं काय ते. मचाणावर दोन माणसं आणि एक घोंगडं.

२९ फेब्रुवारी

पोरीचा वसतिगृहातून फोन. "आई, आवाज असा कसा?" म्हटलं, सर्दी झाली.

७ मार्च

महाशिवरात्र. आम्ही सगळ्या बायका वैनगंगेवर अंघोळीला. चंचल माझ्यापासून हातभर अंतरावर. डुबकी मारून वर आली तर ओला पदर सरकला. उजव्या खांद्याखाली काळानिळा डाग, मुठीएवढा. कडेला पिवळा पडत चाललेला, मधे ताजा.

मी बघतेय हे तिनं बघितलं. झटकन पदर ओढला.

"लागलं वाटते, चंचल?"

"हो बाई. पाट्याचा कोपरा लागला."

पाट्याचा कोपरा! पाटा खांद्याएवढा उंच असतो होय?

नदीतून देवळापर्यंत कशी गेले आठवत नाही. महादेवाजवळ काय मागितलं ते इथंसुद्धा लिहिणार नाही.

८ मार्च

ठरलं. परवा वनरक्षक येणार आहे, परवानगी वाढवून द्यायची की नाही ते बघायला. त्याला सांगणार - साहेब, हे दारू पिऊन बंदूक चालवतात. बस्स. बंदूक जमा. बंदूक नाही तर मचाण नाही, मचाण नाही तर चंचल नाही.

ह्यांनी जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही. नसू दे!

९ मार्च

आजचं आजच लिहिते.

संध्याकाळी सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून तेल गरम केलं. हळद टाकली. आणि त्या वासासरशी माझी बोटं आपोआप तशी वळली - गुडघ्याला लावायला नाही, खांद्याला लावायला वळतात तशी. गळ्याच्या हाडाखाली, बगलेच्या थोडं वर. एवढी वर्षं तीच जागा. तोच आकार. मधे काळा, कडेला पिवळा.

तो डाग मी ओळखते! तो माणसाच्या हाताचा नाही. दस्त्याचा आहे!

वाटी सासूबाईंच्या हातात दिली आणि तशीच शेताकडं. दिवस मावळत होता. मचाणाखाली जाऊन उभी राहिले तरी वरच्यांना पत्ता नाही. बंदूक चंचलच्या खांद्याला. गाल दस्त्याला टेकवलेला. हे तिच्या मागं हातभर दूर, डोळे मिटून, कानामागं हात धरून.

"डाव्या बाजूनं... पानं वाजून राहिले. दिसते का?"

"नाही भाऊजी. कोल्हा हाय."

घोंगडं घडी करून कोपऱ्यात पडलेलं.

"खाली उतरा दोघंही," मी म्हटलं.

उतरले. शिडीची एकेक पायरी हे पायानं चाचपडत उतरले. इतके दिवस मी हे बघितलंच नव्हतं. मला फक्त तिचं लुगडं दिसत होतं.

चंचलच बोलली. "बाई, मागच्या साली पावसाच्या आधी भाऊजीनं माह्या गाईवर बंदूक धरली होती. पांढऱ्या गाईवर! मी मधात पडली म्हनून गाय वाचली. तवा समजलं मले. गोंदियाले डाक्टरकडं मीच नेलं, त्या बुधवारी बी. साखरेच्या बिमारीनं डोळे खाल्ले म्हनते. आता वापस येत नाहीत."

"अन् बंदूक?"

"सरकारले समजलं तं बंदूक जमा होते," हे म्हणाले. "आबांची बंदूक. अन् मंग मी कोन? डुकरं तं येतच राहतीन."

मला तेवढंच विचारायचं होतं, "मले काऊन नाही सांगतलं?"

हे म्हणाले, "तू तेल लावते तवा मले पाहून हासते ना, ओमे. मी बार काढून येतो म्हनून हासते. ते जाईन वाटलं."

चंचल दुसरीकडं बघायला लागली. मी रडले नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

१० मार्च

वनरक्षक आला. चहा घेतला. कागद पुढं ठेवून विचारलं, "मचाणावर कोण बसतं?"

पाठ केलेलं वाक्य ओठावर होतं. चंचल कुंपणापाशी उभी, हे खाटेवर, मान माझ्या आवाजाकडं वळवून.

"हेच बसतात," मी म्हटलं. "बॅटरी मी धरते."

परवानगी वाढली.

पण खोटं कशाला लिहू! राग गेलेला नाही. त्या दोघांचं तसलं काही असतं तर भांडले असते, माहेरी गेले असते, लोकांनी माझी बाजू घेतली असती. हे त्याहून वाईट. ह्यांचं सगळ्यात लपवायचं ते तिनं माझ्याआधी बघितलं. डॉक्टर काय म्हणाला ते तिनं आधी ऐकलं. ह्यांना हाताला धरून गोंदियाचा रस्ता तिनं पार करवला. तो हात माझा असायला पाहिजे होता. मी दोघांनाही माफ करणार नाही!

आणि स्वतःचाही राग येतो. ती टोपी माझ्या पायाजवळ होती.

११ मार्च

जांभळे बोळे सगळे चुलीत घातले. पेटीतून माझं हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं, चांगलं नवं. टराटरा फाडलं. सासूबाई ओरडल्या, "येडी झाली का गं?" बोळे करून पिशवीत भरून ठेवले. हे बोटांनी चाचपून म्हणाले, "हे तुये हायेत." कसं ओळखलं देव जाणे. मी विचारलं नाही.

दारूही वाळवली. सुपाजवळ उन्हात बसून राहिले दुपारभर.

१५ मार्च

चंचलकडं गेले होते. भांडायला नाही. जेवूनच आले. काय शिकून आले ते घरी सांगितलं नाही.

२४ मार्च

धुळवड. चंचल सकाळी तेलाची वाटी घेऊन आली होती. दारातूनच परत पाठवली. म्हटलं, आमच्या घरी तेल आहे.

काल रात्रीचं डुक्कर निसटलं, माझी पहिली गोळी बांधावरच्या आंब्यात. पण माझा उजवा खांदा काळानिळा झालाय! हात वर होत नाही, हे डाव्या हातानं लिहितेय. ह्यांनी स्वतः तेल गरम केलं, हळद टाकली. दिसत नाही म्हणतात, पण बोटं बरोब्बर त्याच जागेवर पडली. मी म्हटलं, "हळू."