फिलोमिनाबाईंची पेज

३१ जाने. २००३, शुक्र.
ऋचाचा पाचवा वाढदिवस येत्या ९ तारखेला, रविवारी. नातीसाठी घर डोक्यावर घ्यायचं ठरलंय. मेघनाने (सूनबाई) यादी केली. केक, वेफर्स, पावभाजी, तिखट चीज बॉल. चीज बॉल अर्थात तळमजल्यावरच्या फिलोमिनाबाईंचे. माहेर-सासर दोन्ही वसईकडच्या उमेळ्याचं. नवरा गेल्यापासून घरी तळणाच्या ऑर्डरी घेतात. आमच्या बोळिंजच्या ह्या चार विंगांत त्यांच्या बॉलशिवाय वाढदिवस होत नाही. अंडं अजिबात नाही, त्यामुळे अगदी कडक शाकाहारीही बिनधास्त खातात.

म्हटलं, मीच करतो की. मे. हसली. "बाबा, मागच्या वेळी चीज तेलात आणि झाऱ्यात नुसती टरफलं आली होती." खोटं नाही. हिचे गुडघे गेले म्हणून रिटायर झाल्यावर स्वयंपाकघरात शिरलो. चुकत-माकत पुरणपोळीपर्यंत आलो. पण हे चीज काही मला दाद देत नाही. शंभर बॉलची ऑर्डर दिली.

५ फेब्रु., बुध.
फि.बाई मोरीच्या दारात घसरल्या. उजवं मनगट. प्लास्टर, सहा आठवडे. संध्याकाळी आम्ही दोघं खाली भेटून आलो. सगळ्या ऑर्डरी परत. रडल्या-बिडल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, "पोरीचा बर्थडे नाय बिघडवायचा, काका. हात तुमचे, तोंड माझं."

८ फेब्रु., शनि.
दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात. बाई स्टुलावर, प्लास्टर गळ्यात. मी ओट्याशी. चुकलं की डाव्या हाताने माझ्या पाठीत टपली.

मिरच्या काल रात्रीच बारीक चिरून व्हिनेगरमध्ये घालायला लावल्या होत्या. सकाळी फडक्यात घट्ट पिळायच्या, म्हणजे सारण ओलं होत नाही आणि तिखट मागून येतं. किसलेलं चीज, नावाला बटाटा. आणि अंड्याच्या जागी काय, तर पेज! तांदळाची दाट पेज, गाळून गार केलेली. गोळी पेजेत बुडवायची, शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळवायची, तासभर फ्रीजमध्ये. मग पुन्हा पेज, पुन्हा चुरा. एकही फुटला नाही. मी कोकणातला, पेजेवर वाढलेला. कधी डोक्यात आलं नाही.

"किती वर्षं गेली माझी ह्यात," म्हणाल्या. "अंडं लावलं तर तुमची अर्धी बिल्डिंग खायची नाय. पेज कोनाला सांगू नका हां काका. माझ्या बहिनीला पन नाय सांगितली."
म्हटलं, माझ्या तोंडून? शब्द नाही निघायचा.

९ फेब्रु., रवि.
पार्टी झकास. बॉल पहिल्या पंधरा मिनिटांत गायब. फि.बाई नव्हत्या. बहीण सकाळीच उमेळ्याला घेऊन गेली, दोन दिवस आराम पडावा म्हणून.

बी विंगच्या सावंतबाई म्हणाल्या, "काका, फुटत कसे नाहीत हो?"
आणि मी सांगितलं.
सगळं. मिरच्या पिळण्यापासून पेजेपर्यंत. दोनदा का घोळवायचं तेही. चौघीजणी केकच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून घेत होत्या, मी पेज किती दाट हवी ते चमच्यावरून ओघळवून दाखवत होतो. आमच्या आईचं वळण असं, पदार्थ कुणी विचारला तर हातचं राखायचं नाही. राखणाऱ्या बाईला ती कवडीचुंबक म्हणायची. पण आई स्वतःचं सांगायची.
एकीने विचारलं, कुठे शिकलात? "करता करता येतं हो." हे मी बोललो. ह्याच तोंडाने.

१० फेब्रु., सोम.
ही सकाळी चहाच्या वेळी: "काल फिलूबाईंचं नाव नाही घेतलंत."
"ओघात राहिलं."
"ओघात मिरच्या आल्या, फडकं आलं, पेज आली. नावच नेमकं राहिलं?"
चहा तसाच ठेवून उठलो.

२४ फेब्रु., सोम.
सावंतांकडून ताटली आली. मुलाचा वाढदिवस होता काल. चीज बॉल. माझ्याहून गोल, माझ्याहून खुसखुशीत. ऋचाने चार खाल्ले. मी एक उचलला, ताटलीत परत ठेवला.

ह्याच मुलाच्या वाढदिवसाला दरवर्षी फि.बाई...

६ मार्च, गुरु.
खाली गेलो होतो, बाईंना हात धरून सोसायटीच्या गेटपर्यंत फिरवायला. कालपासून त्यांचे उपासाचे चाळीस दिवस लागलेत. कपाळावर राख घेऊन आल्या होत्या चर्चमधून. बोलता बोलता म्हणाल्या, ह्या दिवसांत त्यांच्या लोकांत लग्न नाही, पार्टी नाही. "ईस्टरपर्यंत तुमच्या लोकांवरच माझं घर चालतं, काका. आनि ह्या वेळी बघा, प्लास्टर निघालं की लगेच वर्ल्ड कपची फायनल. आपली पोरं पोचली ना फायनलला, तर मला दम घ्यायला मिळायचा नाय."
मी म्हटलं, पोचतील.
बाईंनी माझ्यावर टाकलेला हात प्लास्टरसकट किती जड लागला.

२१ मार्च, शुक्र.
प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालंय. काल रात्री भारताने सेमीफायनल मारली. बाईंनी लगोलग चीज आणून फ्रीजमध्ये भरलं, शिळे पाव उन्हात टाकले. खिडकीतून हाक: "काका, पोचले हो!"

सरळ सावंतबाईंकडे गेलो. म्हटलं, रविवारी मॅचला बॉल फि.बाईंकडून मागवा.
"अहो, घरी येतात की आता. तुम्हीच तर शिकवलेत!"
"माझे नाहीत ते. त्यांचे आहेत. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं."
एवढं बोलायला दीड महिना लागला. वाटलं होतं सावंतबाई चपापतील.
"असू देत हो काका, कुणाचे का असेनात. चांगले होतात ना? आमच्या नणंदेलापण दिली रेसिपी, नालासोपाऱ्याला."

२३ मार्च, रवि.
फायनल. दुपारपासून जिन्यात तळणाचा वास. दुसरा मजला, तिसरा, समोरची विंग. व्हिनेगरच्या मिरचीचा वास लपत नाही. बाई दारात उभ्या होत्या. मी जिन्यावरून उतरलो तर म्हणाल्या, "आज सगळ्यांकडे काय तळतायत, काका?"
"भजी असतील."
पुन्हा खोटं. आता मोजायचं सोडलंय.

त्यांच्याकडे सबंध दिवसात एक ऑर्डर. माझी, पन्नासची. द्यायला स्वतः वर आल्या, धाप लागलेली. "तुम्हाला तर येतात. माझ्याकडून कशाला?"
"माझे फुटतात हो."
डबा पुढे केला. "त्या दिवशी एकपन नव्हता फुटला."
आतून हिने खोकला काढला. मी डबा घेतला.
मॅच हरलो. घरात कुणाला खायची इच्छा नव्हती. मी सहा खाल्ले, शिक्षा म्हणून. आणि ते सावंतबाईंपेक्षा, माझ्यापेक्षा, कुणाहीपेक्षा चांगले होते. हे लिहून ठेवतो.

२५ मार्च, मंगळ.
सकाळी दहाला फि.बाई आल्या. ही दवाखान्यात, मे. ऑफिसला. मनात म्हटलं, आज सांगायचं. पाणी दिलं, बसवलं, तोंड उघडलं.

त्याआधी त्यांनीच कोरा कागद पुढे केला. "तुमचं अक्षर चांगलं. गेटजवळच्या फळ्यावर लावायला लिहून द्या. लोकांना कळलंच नसेल माझा हात बरा झाला म्हनून."
म्हटलं, काय लिहू?
"लिहा, फिलोमिनाबाईंचा हात बरा झाला. चीज बॉल, कटलेट, सगळं चालू. आनि..." जरा लाजल्या. "आनि असं लिहिलं तर चालेल का, की हे बॉल बिनअंड्याचे, दुसरीकडे कुठे मिळत नाय?"

पेन हातात. पहिली दोन वाक्यं लिहिली. तिसऱ्यापाशी थांबलो. त्या डाव्या हाताने उजवं मनगट चोळत बसल्या होत्या, माझ्या अक्षराकडे कौतुकाने बघत.
"काय झालं, काका? मोठं होतंय का?"
"नाही. तुम्ही बसा," म्हटलं. "आधी तुम्हाला एक सांगायचंय. मग तुम्हीच ठरवा पुढे काय लिहायचं ते."

सांगितलं. पुठ्ठा, सावंतबाई, नालासोपारा, कालपरवाची भजी. मध्ये थांबलो नाही.
बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद उचलला, माझी दोन वाक्यं वाचली. घडी घातली, कंबरेला खोचली. दारापर्यंत गेल्या.
"पेज किती दाट सांगितलीत त्यांना?"
"चमच्यावरून सावकाश ओघळेल एवढी."
"बरोबर सांगितलीत," म्हणाल्या, आणि उतरल्या.

चार वाजता फळ्यापाशी जाऊन आलो. अजून तरी काही लागलेलं नाही.