नानांचे तळवे

गुरुवार, संध्याकाळ, राहाता

डोकं भणभणतंय. माझे सासरे, नाना, भर उन्हात शिर्डीला अनवाणी चालत जाऊन आले. दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड. आणि घरात मात्र कौतुक सोहळा.

थोरल्या जाऊबाई शेजारणींना बोलावून फोड दाखवतायत. "डांबर लई तापलं हुतं, पण नानांना चटका म्हणून लागला न्हाई. बाबांची कृपा, दुसरं काय."

कृपा कसली, जुनाट शुगर आहे ती. बारावीच्या वर्गाला मी हेच शिकवते. तळव्याला चटका बसला की मज्जातंतू निरोप मज्जारज्जूकडे नेतात आणि मेंदूला कळायच्या आत पाय मागे खेचला जातो. नानांच्या तळव्यातले तंतू साखरेनं कधीच मारलेत. निरोपच निघाला नाही, तर पाय मागे घेणार कोण? आणि मेंदूला तरी काय कळणार?

मी तसं म्हटलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "तुझं पुस्तक कॉलेजात ठेव." दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर आधी पाया पडणं उरकू दे म्हणे. अशांना काय शिकवायचं? ह्यांच्यापेक्षा नापास झालेली पोरं परवडली.

नाना पाय लांब करून, डोळे मिटून बसलेले. शेजारणी एकेक करून यायच्या, गुपचूप फोडांना हात लावायच्या, तो कपाळाला लावायच्या. शेवटची उठून गेली. तेव्हा नाना डोळे न उघडताच मला म्हणाले, "येऊ दे की गं एकेकीला. अजून कुणीच पाया पडलं न्हाई."