काळरानातलं भाषण

३ मार्च, सोमवार

बोलायचं नाही! घशाच्या डॉक्टरांनी आज फर्मानच काढलं. कुजबुजायचंसुद्धा नाही — कुजबुजीने म्हणे घसा जास्त दुखावतो. मी हरकत घ्यायला तोंड उघडलं तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. मला! भरल्या सभागृहात जिने मंत्र्याला खाली बसवलं, तिला एका बोटाने गप्प केलं.

आवाज पूर्वीसारखा होईल का? "बघू" म्हणाले. डॉक्टर बघू म्हणतात तेव्हा त्यांना काहीच दिसत नसतं.

आणि हे सगळं एका झाडापायी. लेकीच्या कंपनीत संगणकावरचा खेळ बनतोय. त्यात काळरान नावाचं शापित जंगल, जंगलाच्या मधोमध थोरलं झाड. "आई, त्याला तुझा आवाज दे ना. दोनच वाक्यं." दोन वाक्यांत कुणाचं भलं झालंय? मी भाषण लिहिलं आणि काल काचेच्या खोलीत ते एका दमात दिलं. शेवटच्या "उठा!"ला घशात काहीतरी टचकन तुटलं.

म्हणजे ते माझं शेवटचं भाषण असू शकतं. झाडाच्या तोंडून!

४ मार्च, मंगळवार

लेकीने पाटी आणून दिली. दुपारपर्यंत खडूचे तुकडे. "आई, पाटीवर तरी ओरडू नकोस!"

६ मार्च, गुरुवार

बोलता येत नाही म्हणून डोक्यात सगळं साचतंय. इथे ओतते.

त्यांची मूळ कथा काय होती? चेटकिणीला राग आला, तिने शाप दिला, रान काळं पडलं. संपलं! मी तेव्हाच टेबलावर हात आपटला होता. शाप म्हणजे काय? वरच्याने खालच्यावर लादलेला निकाल, ज्यावर अपील नाही! मी शाप मानत नाही. अन्याय मानते.

मग रानाला मी इतिहास दिला. राणीला लढाईसाठी जहाजं हवी होती, झाडांनी लाकूड द्यायला नकार दिला. राणी म्हणाली, "तर मग तुमचं कुणीही ऐकणार नाही." तेव्हापासून झाडं माना टाकून झोपलेली. गुलामीची झोप! खेळणाऱ्याने थोरल्या झाडाचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचं. मग झाडं जागी होतात, काळी पानं हिरवी होतात, पलीकडची वाट खुली होते.

"पण झाडं मोर्चा कसा काढतील?" लेकीची शंका.

"मोर्चा कशाला? ठिय्या! झाडांइतका पक्का ठिय्या कोण देईल?"

त्यांची चित्रकार बाई टेबलावर डोकं ठेवून हसली. पण फांद्या तिने मुठी आवळल्यासारख्या काढल्या. गुणाची आहे.

९ मार्च, रविवार

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार उभे. काल चपलांची पाळी होती. परवा माझी पुस्तकं — रंगानुसार! अर्थशास्त्र आणि पाककृती शेजारी-शेजारी, कारण दोन्ही लाल.

नवरोबाला झोप येत नाही. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. चेहरा जुन्या पिशवीसारखा झालाय.

मी पाटीवर लिहिलं — कॉफी!!!

"कॉफी नाही गं. घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं."

फ्रिज पाहिला. घड्याळ पाहिलं. पाण्याची मोटर पाहिली. सगळं चालू आहे. म्हातारपणात माणसं काहीही बोलतात.

११ मार्च, मंगळवार

अपमान! बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळ खेळायला लावला. मी मागे खुर्ची टाकून बसले. पहिला गडी काळरानात शिरला, थोरल्या झाडापाशी आला. माझा आवाज घुमला — "मित्रहो, ज्यांची मुळं खोल असतात —"

टक्.

'पुढे' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की झाड गप्प! दुसरीने दाबलं. तिसऱ्याने तर "मित्र" म्हणेपर्यंतही धीर धरला नाही. लोक सभेतून उठून जातात, मला माहीत आहे. दारापर्यंत गेलेल्यांना मी परत आणून बसवलंय. पण बटण?

पाटी — बटण काढा!

"काढलं तर लोक खेळच बंद करतील, आई." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "शनिवारी शेवटची चाचणी आहे. एकाने, अगदी एकाने जरी सगळं ऐकलं, तर मी भाषणाला हात लावणार नाही. नाहीतर कापून एक शब्द ठेवू. 'उठा.'"

त्या एका शब्दासाठी मी घसा दिला. बाकीचं भाषण कुणासाठी दिलं?

१५ मार्च, शनिवार

जिंकले!!!

सगळ्यांनी टक्-टक् केलं. एक जण आलाच नाही, खुर्ची रिकामी राहिली. तेवढ्यात नवरोबा माझा विसरलेला चष्मा द्यायला आला. लेकीने त्यालाच बसवला. टीव्हीचा रिमोट उलटा धरणारा माणूस! आधी आपल्या वीराला तळ्यात घातलं. मग कड्यावर आपटलं. लांडग्याला धडकल्यावर "सॉरी हं" म्हणाला. धडपडत थोरल्या झाडापाशी पोचला.

भाषण सुरू झालं. माझी नजर त्याच्या अंगठ्यावर. अंगठा हलला नाही! राणी गेली, जहाजं गेली, मुळांची एकजूट झाली, "उठा!" आलं — आणि अख्खं रान हिरवं झालं. खोलीत टाळ्या! तो दचकून उठला आणि म्हणाला, "छान झालं."

लग्न झाल्यापासून प्रत्येक सभेनंतर हेच दोन शब्द. पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची, मान डोलावत. एवढा एकनिष्ठ श्रोता कुणाला मिळाला असेल?

भाषण राहिलं. मी रडले. आवाज न करता, डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे.

१६ मार्च, रविवार

झोपला होता!

खेळणाऱ्यांचे चेहरे टिपायला तिथे कॅमेरा असतो. लेकीने दाखवलं, हसून हसून तिला बोलवत नव्हतं. "मित्रहो"लाच मान पडलेली. तोंड उघडं. डोलावणं कसलं — डुलक्या! आणि मला वाटायचं, पटतंय!

पाटी त्याच्या नाकासमोर धरली — इतकी वर्षं???

"अगं, रागावू नकोस. तुझा आवाज सुरू झाला ना, की वाटतं, आता काही काळजी नाही. कुणीतरी जागं आहे. मग डोळे मिटतात. तू थांबलीस की जाग येते. काल दोन आठवड्यांनी झोपलो मी."

पुढची शिवी अर्धी लिहून झाली होती. पुसली.

आणि मी पाण्याची मोटर तपासत होते.

१७ मार्च, सोमवार

मोठा आवाज परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. हळू, थोडं थोडं बोलायला हरकत नाही. लेकीला कळवलं: कथा चुकलीये. काळरानाची झाडं झोपलेली नाहीत, राणीने त्यांची झोप काढून घेतलीये. थोरल्या झाडाला पुन्हा आवाज देईन, आता आहे तोच. बटण राहू दे.

जेवणानंतर नवरोबाच्या उशाशी बसून भाषण वाचलं. राणी यायच्या आत घोरायला लागला. मी शेवटपर्यंत वाचलं.

"उठा" तेवढं गाळलं.