दाराबाहेरची जागा

बिस्मिल्ला. मी तेकबेर मिंत बूना, राहणार ऐन तलेह, मॉरिटानिया. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते, की:

१. घर. वरची खोली आणि गच्ची एवढेच आता वाळूबाहेर आहे. ते व विहीर थोरला मुलगा दाही याची. विहीर खारट झाली, खजुरांखाली जव उगवत नाही. पूर्वी खजुराच्या तोडणीला नातलग महिनाभर राहत, व्यापारी ट्रक घेऊन येत. आता शहरात टॅक्सी चालवणारा दाहीसुद्धा येत नाही. मी त्याला दोष देत नाही. थोडा देते.

२. दीर हमदी. वाळू अडवायला झावळ्यांचे कुंपण वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर घालायचे, असे गावाने ठरवले होते. याने फक्त आपल्या बागेपुढे घातले आणि वाळू आमच्या दारी वळली. जाब विचारला तर म्हणतो, "वहिनी, वाळू काय माझी शेळी आहे, हाकलली की जाईल?" त्याच हंगामात माझा धाकटा, यहया, खालच्या कोठारातून खजुराचे माठ काढायला उतरला. वाळूच्या रेट्याने भिंत आत आली, दार उघडेना. आम्ही उपसत होतो, वाळू भरत होती. तो अजून तिथेच आहे. हमदीला मी काहीही ठेवत नाही. माफीसुद्धा नाही.

३. शरियतप्रमाणे एक तृतीयांश मी वारसांबाहेर देऊ शकते. त्यात माझ्या शेळ्या आणि चांदीचे तोडे. ते यहयाची विधवा मबार्का हिला, तिने गाव सोडावे या अटीवर. ही पोर रोज सकाळी कोठाराचे ते दार उकरते, संध्याकाळी ते पुन्हा बुजते.

"आई, आज परत आतून वाजलं."

"वारा गं."

"वारा माझं नाव घेतो का?"

अतार शहरातून तिला लग्नाची मागणी आली आहे. माणूस बरा आहे. ती म्हणते, "मी गेले तर दाराशी कोण बसेल?"

४. म्हणून मला कब्रस्तानात नेऊ नये, तेही वाळूखालीच आहे. मला त्या दाराबाहेर पुरावे. इमामसाहेब आधी नाही म्हणाले, मग दार बघून आले आणि साक्षीदार व्हायला तयार झाले.

मबार्का, मी वारा म्हणत आले, ते तू जावंस म्हणून. मलाही ऐकू येतं. तुला तो नावाने हाक मारतो, मला आई म्हणून. आता ओ द्यायला मी आहे. तू अतारच्या गाडीत बैस.

सही: तेकबेर मिंत बूना
साक्षीदार: इमाम बेदी औलद सालेक, मसऊद (विहीर खणणारा)
ऐन तलेह, १७ शव्वाल, हिजरी १४४३