गोकुळाचे डोळे आणि माझा नागपूरचा प्रोग्राम

४ डिसेंबर १९५४
डेपोत दिवसभर सागाचे लठ्ठे मोजले. घरी गोकुळा म्हणाली, "कंदिलाभोवती रंगीत कडं दिसते जी. कपाळही ठणकते." कंपाउंडरला दाखवलं. तो म्हणाला, मुन्शीजी, थांबू नोका, मंगळवारी ब्रह्मपुरीले डोळ्यांचा डॉक्टर येते, तिथं न्या.
ब्रह्मपुरी काऊन? मुन्शीची बायको आहे. थेट नागपूर!

७ डिसेंबर, मंगळवार
सकाळीच मेहुणा लटारू बैलगाडी जुंपून हजर. "भाऊजी, चाला." त्याला नागपूरचा प्लॅन समजावला. त्याला पटला नाही. अडाणी आहे. गाडी रिकामी परत गेली. गोकुळा लुगडं बदलून बसली होती.

१५ डिसेंबर
प्रोग्राम फायनल. छोट्या आगगाडीने नागभीड, तिथून नागपूर. मोठा डॉक्टर म्हणेल, केवळराम, बायकोची एवढी काळजी घेणारा नवरा पाहिला नाही. मग गोकुळा चष्मा लावून बाहेर येईल. तिला अजबबंगला दाखवीन. ती तिथल्या पेंढा भरलेल्या वाघालाही भिईल, मी हात धरीन.
या विचारात मोजणी चुकली. सारे लठ्ठे पुन्हा मोजले. रजेचा अर्ज उद्या. इंग्रजीत.

२ जानेवारी १९५५
अर्जाचा तिसरा ड्राफ्ट. 'रिस्पेक्टेड सर' की 'ऑनर्ड सर'? रेंजर साहेबांवर पहिल्या ओळीतच इम्प्रेशन पडलं पाहिजे.
गोकुळाचं डोकं चौकटीला आपटलं. चौकटच ठेंगणी आहे. उंच करून घेणार.

२० जानेवारी
भाजीत मीठ दोनदा पडलं. मुकाट्याने खाल्लं. नवऱ्याचं मन मोठं पाहिजे.
ती म्हणाली, "कधी जाऊन राह्यलो जी आपण?" म्हटलं, थंडी सरू दे, गाडीत गारठशील. ती चुलीकडे वळली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, मंगळवार
डेपोतून आलो तर दाराला कडी. शेजारची बुधरी म्हणाली, लटारू बहिणीले ब्रह्मपुरीले घेऊन गेला. मला न विचारता! अर्ज आज द्यायचाच होता. निदान फेअर तरी करायचाच होता.

९ फेब्रुवारी
दुपारी आली. चाक चाचपत उतरली. लटारू माझ्याकडे पाहत नव्हता. बैलांना सांगावं तसं त्याने सांगितलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, दोन महिने आधी आणलं असतं तर नजर राह्यली असती. गेली ते येत नाई.
मी म्हटलं, नागपूरचा डॉक्टर वेगळं सांगेल.
गोकुळा म्हणाली, "आता नोका सांगू जी."
त्यानंतर लटारू पाणी न पिता गेला.

१३ मार्च, रविवार
घरीच होतो. गोकुळा तांदूळ निवडत होती, बोटांनी. मी जवळ जाऊन बसलो. तिने हात पुसले आणि माझा चेहरा चाचपला. म्हणाली, "मिशा पिकल्या का जी तुमच्या? कित्येक दिवसांत पाह्यल्याच नाई."
उठून आरशात पाहिलं. मीही पाहिल्या नव्हत्या. डावीकडची सगळी पांढरी.
"नाई," म्हटलं. "काळ्याच आहेत."
"बरं," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडा म्हणून टाकत होती ते दाणेच होते. मी सांगितलं नाही.