दाक्षिण्याचा धडा

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहावंसं वाटलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण सकाळी शेडमधल्या दोन्ही सायकलींना, माझ्या आणि इराच्या, नवी कुलपं लागलेली होती.

"किल्ल्या कुठायत?" मी निखिलला विचारलं.

"माझ्याकडे. वारा बघ किती सुटलाय! मी सोडतो ना दोघींना."

इरा इंग्रजीत पुटपुटली, वर्गातले सगळे सायकलने येतात, मी एकटीच गाडीतून. तो हसला. तिच्या केसांवरून हात फिरवला. बाबा, नेदरलँड्समधल्या आमच्या या बेस्ट गावात वारा रोजच असतो.

तो पहिल्यांदा नाशिकला आपल्याकडे आला तो दिवस आठवतो? तुम्ही मुद्दाम आम्हा दोघांना कोपऱ्यापर्यंत चालत पाठवलंत आणि गॅलरीतून बघत राहिलात. तो रहदारीच्या बाजूने चालला, मला आतल्या बाजूला ठेवलं. तुमची परीक्षा तिथेच संपली.

"अहो, जावई निवडताय की ट्रॅफिक हवालदार?" आई म्हणाली.

"ज्याच्या अंगी दाक्षिण्य आहे, त्याला मला आणखी काही विचारायचं नाही."

विचारायला हवं होतं!

इतिहास तुम्हीच शिकवायचात. नववीत मी तुमच्यासमोर, पहिल्या बाकावर. युरोपातले घोडेस्वार सरदार. अंगात चिलखत, हातात तलवार, गावात अडवणारं कुणी नाही. ते शेतं तुडवायचे, घरं लुटायचे. म्हणून धर्मगुरूंनी त्यांना शपथा घ्यायला लावल्या, की दुबळ्यांना हात लावणार नाही. स्त्रीचा मान राखणं, तिच्यासाठी झुकणं, हे त्यानंतर दरबारांत आलं. आधी भीती, मग शपथ, मग सौजन्य. हा क्रम तुम्ही स्वतः फळ्यावर लिहिला होतात.

मी हात वर केला. "सर, शपथ मोडली तर बाईनं काय करायचं?"

"बस खाली," तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. तुम्हीही.

निखिलनं शपथ मोडलेली नाही, बाबा. त्यानं कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. मला इकडे नोकरी लागली तसा तो रोज संध्याकाळी स्टेशनवर येऊन उभा राहू लागला. माझा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, तिथे सुरक्षित असतो म्हणून. कुणाला काय सांगणार होते मी? नवरा फार काळजी घेतो?

तुम्हाला एकदा सांगून पाहिलं होतं, फोनवर. "नशीबवान आहेस," म्हणालात. "इतरांचे नवरे हातातली पिशवीसुद्धा घेत नाहीत." मी फोन ठेवला. तेव्हाच ओरडायला हवं होतं का?

मग तुम्ही गेलात. "तुला नाही बघवणार," तो म्हणाला आणि एकटाच विमानात बसला. तुमच्या चितेला अग्नी त्यानं दिला. जावई असावा तर असा, असं सगळे म्हणत होते. ते मी इथे, फोनच्या पडद्यावर ऐकलं.

तुमच्यावर रागावले आहे मी. आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सांगावं, तेही कळत नव्हतं.

आज कळलं. दुपारी इराला शाळेतून घेतलं आणि चालत गावातल्या वाचनालयात आले. काउंटरवरच्या बाईंना माझ्या मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. कुलपं, ड्रॉवर, तुमची चिता. त्या हसल्या नाहीत. "बसा इथे," म्हणाल्या. "मी फोन करते. तुमच्याशी बोलायला कुणीतरी येईल." कोण येईल, कधी येईल, मला माहीत नाही. तोवर हे लिहिते आहे.

तो मात्र आला आहे. आम्ही इथे आहोत हे त्याला कसं कळलं? काचेपलीकडे, पावसात, गाडीचं दार उघडून उभा आहे. छत्री त्यानं रिकाम्या सीटच्या उघड्या दारावर धरली आहे, स्वतः भिजतो आहे. आत येणाऱ्या एक आजी त्याच्याकडे कौतुकानं पाहत होत्या.

इरानं त्याला पाहिलंय. ती वही मिटते आहे.

बाबा, तुम्हाला शब्द देते. मी उठणार नाही. इरालाही उठू देणार नाही.

तुमची,
चित्रा