तळं, बदकं आणि दोन पिना

प्रिय मंगेश,

तू भाचीला भेट दिलेल्या फोटोमुळे आमच्या घरातली वेळ नाहीशी झाली होती, हे अत्यंत गांभीर्याने कळवते. फ्रेम एवढी दांडगी, की बैठकीतल्या एकुलत्या एका खिळ्यावरून घड्याळाला उतरावं लागलं. ते इतके दिवस फ्रिजवर उताणं पडलेलं होतं. वेळ बघायची तर स्टुलावर चढायचं. तुझे भाऊजी चढले नाहीत. अंदाजाने ऑफिसला गेले, आणि ऑफिस सरकारी असल्यामुळे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "ताई, ऐक तर" म्हणतोस. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र.

आधी तुझ्या कलेविषयी. अमृताच्या मागे निळंशार तळं आहे, त्यावर धुकं, धुक्यात दोन बदकं. इतकी वर्षं दुधनीच्या तळ्यावर जातोय आपण, तिथल्या पाण्यावर असलं धुकं मी बापजन्मात पाहिलं नाही. पोरगी केमिस्ट्रीची, मांडीवर पुस्तक कायद्याचं. एका हातात पदवीची सुरळी. नीट बघितलं तर आतून जुन्या कॅलेंडरातली संकष्टी डोकावते. तुझ्या किलवणी नाक्यावरच्या स्टुडिओत गावातला प्रत्येक पदवीधर याच तळ्याकाठी हेच पुस्तक वाचून पास झालेला आहे. "बेटा, जरा राइट, चिन डाऊन, बस बस, सरस!" मग सगळ्यांची हनुवटी मुठीवर आणि नजर छताच्या कोपऱ्यात, जशी काही तिथे पाल दिसलीय.

इथवरचं हसून सोडलं असतं. रंगाचं सोडणार नाही.

अमृता माझ्यासारखी काळीसावळी. तू तिला पिठात घोळवल्यासारखी गोरी केलीस. आणि उजव्या कानाखालून गळ्यापर्यंत उतरलेलं तिचं कोड, दहावीपासूनचं, ते मात्र रंग भरून बुजवलंस. गोरेपणाचा एवढा सोस असलेल्या माणसाने पोरीच्या अंगावरची तेवढीच खरीखुरी गोरी जागा शोधून पुसावी, याला काय म्हणावं?

त्या दिवशी ती कशी आली होती, तुला दिसलं नाही? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओढणी घरी ठेवून, केस वर बांधून. रिक्षात तिने मला विचारलं, "आई, दिसतंय ना?" मी म्हटलं, "दिसतंय बाई." तर म्हणाली, "मग ठीक." तिला ते दिसायला हवं होतं, मंगेश. मी बाहेरच्या बाकावर इतर आयांबरोबर बसलेली, आणि तू आत तिचे केस सोडायला लावलेस, तिला उजवीकडे वळवलंस, गाऊनवरचा लाल पट्टा कानाशी ओढलास आणि आपल्या हाताने तिच्या कुर्त्याला दोन पिना मारून तिथेच अडकवलास; तरी गळ्यावर उरलं, ते रंगाने पुसलंस. घरी आल्यावर तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. मामाला पोरी उलटून बोलत नाहीत, त्याचाच तुम्ही मामालोक फायदा घेता.

पुढे तो फोटो तू दुकानाच्या काचेत लावलास, आणि न विचारता वापीच्या त्या स्थळाला पाठवलास. आपल्याकडे पदवीचा फोटो तोच लग्नाचा. डोक्यावर काळी टोपी चढली की पुढच्या रविवारी पोहे. आली मंडळी. अमृता ओढणी न घेता, मोकळ्या गळ्यानेच बाहेर आली. मुलाच्या आईने एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा हिच्या गळ्याकडे, आणि बशी खाली ठेवली. "फोटोत तर काही नव्हतं. लपवायचं म्हणजे तरी किती!" लपवणारे आम्ही! जिने दाखवायचं ठरवलं होतं, तीच लबाड ठरली. तुला फोन केला तर म्हणालास, "ताई, मी चांगल्यासाठीच केलं." तुझ्या चांगल्याला आग लागो. दुसऱ्या दिवसापासून तिची ओढणी परत आली. या उकाड्यात गळ्याभोवती घट्ट, आणि अडकवलेली कशाने, तर कुर्त्याबरोबर घरी आलेल्या तुझ्याच त्या दोन पिनांनी.

सोमवारपासून ती खडोलीच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत रुजू होतेय. ओळखपत्रासाठी फोटो हवा. मी म्हटलं, नाक्यावर दुसरे फोटोवाले मेलेत का? आज सकाळी ती स्टुलावर चढली, तुझं तळं बदकांसकट खाली उतरवलं, घड्याळ जागेवर टांगलं. मग म्हणाली, "मामाकडेच जायचं. त्याला एकदा मला नीट बघू दे."

तेवढ्यासाठी हे पत्र. रविवारी सकाळी ती येईल, एकटी, केस बांधून. त्याआधी काचेतला फोटो काढून ठेव. मागे पांढरा पडदा, मान सरळ, रंग तिचा तिचाच. "जरा राइट" म्हणालास, तर यंदाची राखी गावातल्या गावात पोस्टाने येईल.

ओढणी तिने आपणहून सोडली आणि पिना माझ्या हातात दिल्या. तुझी वस्तू आमच्याकडे नको. दोन्ही या कागदाच्या कोपऱ्याला टोचून पाठवतेय. बघून घे.

काळीसावळी, पण तुझीच,
शैलाताई